दुतोंड्या 'पण'

माझा भाचा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलाय. उतारा वाचताना तो 'परंतु' अशा सफाईनं ओलांडतो की नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरच्या रिक्षावाल्यांनी खड्डे चुकवायला त्याच्याकडे शिकायला यावं.

परवाचा उतारा : 'धरण भरत आले होते, तरीही पाणी सोडण्यात आले नाही.' प्रश्न : पाणी सोडले का? यानं लिहिलं, हो.

"का रे?"

"मामा, गंगापूर धरण भरलं की सोडतातच!"

नाशिकचं पोरगं. उताऱ्यापेक्षा अनुभवावर विश्वास.

व्याकरण येत नाही म्हणावं, तर 'पण, परंतु, परी' ही न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययं झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेल. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली छापलं गेलं. तेव्हापासून आपण या मंडळींची नावं पाठ करतोय. वाक्यात ती करतात काय, हे विचारायचं राहूनच गेलं. (मलाही मास्तरांनी कधी विचारलं नाही, म्हणूनच माझा नंबर टिकला.)

शेवटी त्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेलं आणि पात्रातल्या दोन तोंडांच्या दुतोंड्या मारुतीपुढे उभं केलं. "हा बघ 'पण'. एक तोंड मागच्या वाक्याकडे, एक पुढच्या. धरणातून किती क्युसेक सुटलं ते कुणाला कळतंय? पाणी याच्या गुडघ्याला की कमरेला, एवढं समजलं की काठच्या भांडीबाजारातले लोक माल हलवायला लागतात. तसंच 'म्हणून' दिसला की मागे कारण शोधायचं, 'तरीही' दिसला की सावध व्हायचं."

"2019ला पाणी याच्या डोक्यावरून गेलं होतं ना?"

"हो."

"माझंही आत्ता तेच झालंय."

मग लाल पेन्सिल दिली. असे शब्द दिसले की गोल कर म्हटलं. तासाभरानं पाहतो तर 'आपण'मधला पण, 'नंतर'मधला तर, 'राजकारण'मधलं कारण, सगळे गजाआड. 'व'ला तर गाव, नाव, वडापाव कुठेच सुटका नव्हती. उताऱ्याला गोवर आला होता.

आठवडाभर असंच चाललं. काल मात्र पाचापैकी चार उत्तरं बरोबर आली. मी वही नाचवतच स्वयंपाकघरात नेली. त्याच्या मामीनं पाहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही शिकवता खरंच छान."

मी कॉलर ताठ केली. भाच्यानं पेन्सिल उचलली आणि मामीच्या तोंडाकडे बघत थांबला.