आशयसूत्र काढण्याची सोपी रीत
(सुरतेतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, पूर्वतयारीची अट नाही)

तुम्ही उधना, लिंबायत, पांडेसरा नाहीतर डिंडोलीला राहता. आजोबा कधीकाळी नंदुरबार-अमळनेरकडून तापी लाइनच्या गाडीने इकडे आले, वडील लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी भरतात, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते आणि तुम्ही सगळ्यांचा सल्ला मोडून मराठी साहित्य घेतलेत. आता प्रश्नपत्रिकेत आले आहे: ‘तुम्ही वाचलेल्या कोणत्याही एका कथेच्या आशयसूत्राचे विवेचन करा.’ गुण २०. घाबरू नका. आशयसूत्र काढायला कथा आवडावी लागत नाही. ती नीट वाचलेली असली तर उलट खोळंबाच होतो.

कथा निवडताना दोनच गोष्टी बघा. कथा छोटी हवी आणि लेखक मोठा हवा. मोठ्या लेखकाच्या कथेत आशय असणारच, हे परीक्षक धरून चालतात. मी टॉलस्टॉयची ‘सुरतेचे कॉफी हाऊस’ सुचवतो. साल १८९३. मूळ गोष्ट बेर्नार्दां द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाची, अठराव्या शतकाच्या अखेरची. टॉलस्टॉयने ती आपल्या वळणाने रशियनमध्ये आणली. टॉलस्टॉयने सुरतच काय, हिंदुस्थानही कधी पाहिला नव्हता. (तुम्ही आज ते कॉफी हाऊस शोधायला निघालात तर कुणीतरी हातात कोल्ड कोकोचा ग्लास देईल. तो घ्या.)

गोष्ट थोडक्यात सांगतो. थोडक्यातच पाठ करा. सुरतेच्या कॉफी हाऊसमध्ये देशोदेशीचे लोक जमलेले असतात. एक फारसी पंडित येतो. देवाविषयी वाचून-लिहून त्याचे डोके इतके फिरले आहे की देवच उरला नाही, म्हणून शहाने त्याला हद्दपार केले आहे. तो आत बसून अफू घेतो. त्याचा आफ्रिकी गुलाम दाराबाहेर उन्हात दगडावर बसून माश्या हाकतो. पंडित सहज विचारतो, काय रे, देव आहे का? गुलाम कमरेची लाकडी मूर्ती काढून दाखवतो. झाले. ब्राह्मण, ज्यू दलाल, इटालियन मिशनरी, प्रॉटेस्टंट पाद्री, जकातीवरचा तुर्क, सगळे तुटून पडतात. कोपऱ्यात चहा पीत बसलेला, कन्फ्यूशियसला मानणारा एक चिनी शेवटी सूर्याची एक गोष्ट सांगतो आणि सगळे गप्प होतात.

आता निबंध. पहिल्या परिच्छेदात कथेचे नाव अजिबात येऊ देऊ नका. तिथे ‘मानव आदिकाळापासून गोष्टी सांगत आला आहे’ आणि ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ ही दोन वाक्ये मधे बरेचसे ‘तसेच’ घालून ताणावीत. हा परिच्छेद घरून तयार नेता येतो आणि कोणत्याही कथेला बसतो. मी तो पाककृतींच्या पुस्तकाच्या परीक्षणालाही लावलेला पाहिला आहे.

मग खुद्द आशयसूत्र. शेवटचे पान उघडा. जे पात्र सर्वांत शेवटी, सर्वांत लांब आणि कुणी न अडवता बोलते, त्याच्या तोंडी आशयसूत्र असते. इथे तो चिनी. खाली लिहा ‘सर्वधर्मसमभाव’ आणि दोनदा अधोरेखित करा. बारा गुण तिथेच खिशात.

यानंतर पुन्हा कथेकडे जाऊ नका. गेलात तर घोटाळा होईल. कारण सगळ्यांचेच बरोबर आहे, असे तो चिनी कुठेही म्हणत नाही. तो म्हणतो सगळ्यांचेच अपुरे आहे, आणि काहींचे जास्त अपुरे. त्याच्या गोष्टीत सुमात्राच्या किनाऱ्यावर माणसे सूर्याविषयी भांडत आहेत. लंगडा बेटाबाहेर गेलेला नाही, म्हणून त्याचा सूर्य बेटावरच्या डोंगरात मावळतो. कोळ्याकडे होडी आहे, त्याने सूर्याला समुद्रात बुडताना पाहिले आहे. हिंदुस्थानी माणूस मेरू आणि राहू-केतू सांगतो. इजिप्शियन जहाजाचा मालक त्याच्याहून लांब फिरलेला. सगळ्यांत शेवटी इंग्रजी जहाजाचा सुकाणी सांगतो की फिरते ती पृथ्वी, आणि सूर्य एकट्या पृथ्वीलाच नव्हे, इतर ग्रहांनाही उजेड देतो. ज्याचे जहाज जितके लांब गेले तितका त्याचा सूर्य मोठा. गर्व सोडा म्हणणाऱ्या गोष्टीत सर्वांत वरच्या पायरीवर इंग्रजी जहाजाचा माणूस उभा आहे, आणि सांगणारा चिनीही इंग्रजी जहाजातूनच आलेला! याला समभाव म्हणायचे की उतरंड, हा प्रश्न तुम्हाला पडला तर निबंध वेळेत संपणार नाही.

‘सुरतच का?’ हा प्रश्नही टाळा. सुरत शब्द दिसताच मराठी पेन आपोआप १६६४ आणि १६७० कडे धावते. त्याला आवरा. इथे कामाचे साल १६१३, इंग्रजांच्या वखारीचे. मागोमाग डच आले, आर्मेनियन होते, मक्केची जहाजे इथूनच सुटत. त्यांच्यातल्या कितीकांच्या कबरी अजून कतारगामच्या बाजूला आहेत. जहाजावरून सूर्याचा आकार ठरवणारी गोष्ट बंदरातच घडायला हवी होती. पण हे लिहिलेत तर परीक्षकाला वाटेल, तुम्ही इतिहासाचा पेपर लिहिता आहात.

पात्रांची यादी द्या. गुलाम वगळा, तो किरकोळ आहे. तरी तुम्हाला खासगीत सांगतो. गुलाम एक नाही, दोन आहेत. चिनी माणसाच्या गोष्टीत एक आंधळा आहे. सूर्य म्हणजे काय ते समजून घ्यायला त्याच्याकडे टक लावून बसला आणि डोळे गमावून बसला, आता सूर्यच नाही म्हणतो. तो म्हणजे आपला फारसी पंडितच. त्याचाही एक गुलाम आहे. मंडळींचा वाद पेटण्याआधीच हा करवंटी घेतो, काथ्याची वात वळतो, खोबरे पिळून तेल काढतो आणि म्हणतो, सूर्य काय ते मला ठाऊक नाही, पण हा माझा सूर्य. याने मला रात्री झोपडीत वस्तू सापडतात. लेखक त्याला शिडीच्या तळाशी ठेवतो. अख्ख्या कथेत हाताने काही बनवले ते याच एकाने. आणि दाराबाहेरच्या पहिल्या गुलामाला, ज्याच्या उत्तराने सगळा वाद पेटला, ब्राह्मण मूर्ख ठरवून मोकळा होतो. पुढे कुणी त्याला काही विचारत नाही. शेवटी सगळे गप्प होतात तेव्हाही तो उन्हातच असावा. धर्म कुणाचा मोठा, हा वाद मिटला. आत कोण बसणार आणि बाहेर कोण, हा निघालाच नाही. मला तरी हे सूत्र चिनी माणसाच्या भाषणापेक्षा खरे वाटते. पण त्याला गाईडात आधार नाही.

संदर्भ म्हणून एक गोष्ट सांगतो, ती अजिबात लिहू नका. टॉलस्टॉयच्या कथेआधी जवळजवळ पन्नास वर्षे, १८४४ साली, सुरतेत खरोखरच अशी बैठक भरली होती. नाव मानवधर्म सभा. पुढाकार दुर्गाराम मेहताजींचा, आणि सोबतीला दादोबा पांडुरंग तर्खडकर. हो, तेच मराठी व्याकरणवाले, ज्यांच्या विभक्त्यांनी तुमच्या पणजोबांना रडवले. तेव्हा ते इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. तिथे मूर्तिपूजा, जातिभेद यांवर उघड चर्चा चाले, मंत्रतंत्रवाल्यांना चारचौघांत आव्हान दिले जाई. सगळ्यांना गप्प करणारा चिनी तिथे कुणी नव्हता. काही वर्षांत सभा ओसरली. दादोबा मुंबईला गेले आणि तिथे परमहंस सभेत तोच वाद गुप्तपणे सुरू राहिला. हे सारे वाचलेत तर कॉफी हाऊसमधली ती शेवटची शांतता थोडी सोयीची वाटू लागेल.

अवतरणे तीन पुरेत. पान उघडून डोळा पडेल तिथली घ्यावीत.

समारोप ‘अशा प्रकारे’ने सुरू करा. त्यात टॉलस्टॉयला आणू नका, तो स्वतःच्या कामाचा नाही. १८७६ साली एका पत्रात त्याने स्त्राखोव्हला कळवले होते की ‘अ‍ॅना कारेनिना’त काय म्हणायचे होते ते सांगायचे तर तीच कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागेल. असे उत्तर देणाऱ्या माणसाला वीसपैकी किती द्याल? हाच माणूस ‘कला म्हणजे काय?’ असेही पुस्तक लिहून बसला, आणि ते मराठीत आणले साने गुरुजींनी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या अमळनेरच्या मास्तरांनी. ते मिळाले तर परीक्षा झाल्यावर वाचा, आधी नको.

तोंडी परीक्षाही असते. तिथे कुणी विचारलेच, की बाहेरच्या त्या गुलामाचे पुढे काय झाले, तर नम्रपणे सांगा: सर, तो पोर्शनमध्ये नव्हता.