शिल्लक फेऱ्या

बॉस्टनच्या फेनवे पार्कवर डावीकडे जी उंच हिरवी भिंत आहे, तिच्या पायथ्याच्या धावफलकाचे आकडे आजही भिंतीआड बसलेली माणसं हातानं बदलतात. बेसबॉलचा हा फलक १९३४ सालचा. त्याच्या उभ्या पट्ट्यांवर ठिपके आणि रेघा आहेत. मोर्स लिपी येणाऱ्याला त्यांत इथल्या संघाचे जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची आद्याक्षरं सापडतात. रुखवतातल्या भांड्यांवर नाव घालावं, तशी.

फलकाच्या शेवटी तीन रकाने. आर म्हणजे धावा, एच म्हणजे यशस्वी फटके आणि ई म्हणजे चुका. क्रिकेटमध्ये सुटलेला झेल फलकावर चढत नाही, फार तर गोलंदाजाच्या मनात राहतो. इथे मात्र चूक सामना संपेपर्यंत धावांच्या पंक्तीला बसते. ती चूकच होती का, हे ठरवायला अधिकृत गुणलेखक असतो. साधारण प्रयत्नानं चेंडू अडवता आला असता का, एवढंच तो पाहतो. जिवाच्या आकांतानं झेप घेऊनही चेंडू निसटला, तर माफी. गंमत अशी की, जो जागचा फारसा हललाच नाही त्याची पाटीही बहुधा कोरीच राहते. हा नियम करणाऱ्यानं कचेऱ्या बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

या खेळाला घड्याळ नव्हतं आणि तेच त्याचं वैभव होतं. बॅटर हातमोज्याचा पट्टा सोडायचा, पुन्हा आवळायचा, बुटाची माती झटकायचा, दूर कुठेतरी पाहायचा. आणि हजारो माणसं त्याच्याबरोबर थांबायची. २०२३मध्ये घड्याळ आलं. तेव्हापासून बेस रिकामे असताना पिचरला चेंडू टाकायला १५ सेकंद मिळतात. बेसवर कुणी असेल, तर पहिल्या वर्षी २०, पुढच्या वर्षीपासून १८. आठ सेकंद उरेपर्यंत बॅटर सज्ज नसला, तर त्याच्या नावावर एक स्ट्राइक लागतो. तीन तासांहून थोडा लांबणारा सामना २०२३मध्येच सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. वाचलेल्या वेळाचं लोकांनी काय केलं, त्याला मात्र रकाना नाही.

हेही एक वेळ चालेल. मला रेंगाळायला लावतो तो एमव्हीआर या अक्षरांपुढचा छोटा आकडा: पिचरच्या उंचवट्यापर्यंत जाऊन यायच्या फेऱ्या किती शिल्लक. पिचर ढेपाळू लागला की कॅचर किंवा प्रशिक्षक त्याच्यापाशी जातो, तोंडापुढे हातमोजा धरून दोन शब्द बोलतो आणि पाठ थोपटून परततो. २०१८मध्ये एका सामन्यात संघाला अशा सहाच फेऱ्या ठरल्या, मग पाच, २०२४ पासून चार. पिचरला दुखापत झाली असेल, तर ती फेरी मोजत नाहीत. नुसता घाबरला असेल, तर मोजतात.