कोपऱ्यावरच्या पोरीचा जेरेमी

(नांदेड, सिडको. नळाला पाणी यायची वेळ. कंपाउंडच्या भिंतीला अलीकडून अक्का, पलीकडून वहिनी. अक्कांचं माहेर लातूरचं; वहिनी काही वर्षं एमएस-सीआयटीच्या सेंटरवर शिकवायला होत्या.)

अक्का: वहिनी, कोपऱ्यावरच्या घरातलं कळलं का काही?

वहिनी: नाही बाई. काय झालं?

अक्का: ती पोरगी हाय की, पॉलिटेक्निकला जाती ती. रात्री एक-एक वाजेस्तोवर लाइट चालू. कानात वायरी, समोर लॅपटॉप, अन् कुणीतरी बाप्या इंग्रजीत बोलायलेला. तिच्या आईला इचारलं, कोण गं ह्यो? तर म्हणती, जेरेमी! आता बोला.

वहिनी: (हसत) गल्लीत आणखी कुणाला सांगितलंत का हे?

अक्का: समोरच्या मावशींना तेवढं.

वहिनी: मग झालंच कल्याण! अहो, तो जेरेमी साऱ्या जगाला शिकवतो. ‘जेरेमीज आयटी लॅब’ नावाचं यूट्यूब चॅनल आहे त्याचं. सीसीएनएचा अख्खा कोर्स, फुकट. पोरगी अभ्यास करायलीय.

अक्का: सीसीएनए? आवं, आमचा भाचा, दादाचा पोरगा, तेच म्हणायलाय! लातूरला बीसीए झालंय त्याचं. नीटपायी एक वरीस गेलं ते वायलंच. आता एका क्लासवाल्यानं पन्नास हजार सांगितलेत. दादा म्हणतो, सोयाबीन इकून भरतो. पण हाय तरी काय ते?

वहिनी: सिस्को कंपनीची परीक्षा. राउटर-स्विच लावायचे, कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, बंद पडलं तर कुठं अडलंय ते हुडकायचं. बँका, दवाखाने, तुमच्या लातूरचे क्लासेस, सगळीकडं हे काम लागतं. या लाइनीत शिरायला हे प्रमाणपत्र बरं पडतं. बरं, पन्नास हजारांत परीक्षेची फी धरलीय का?

अक्का: न्हाई, ती येगळी.

वहिनी: बघा! परीक्षेचे ३०० डॉलर, वर कर. रुपयांत तीस हजारांच्या घरात जातं. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे नुसत्या परीक्षेला पाच-सहा क्विंटल गेलं.

अक्का: अन् हमीभाव मिळाला तर! मोंढ्यात कोण देतंय तो?

वहिनी: म्हणून म्हणते, पैसा परीक्षेसाठी राखा, शिकण्यावर उधळू नका. नापास झालं तर पाच दिवस थांबायचं अन् पुन्हा पूर्ण फी भरायची. तिथं कुणी सवलत देत नाही.

अक्का: पण यूट्यूब बघून मशीन कसं कळंल? क्लासात राउटर ठिवलेत म्हणं.

वहिनी: त्यासाठी पॅकेट ट्रेसर आहे. सिस्कोचंच सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर नाव नोंदवलं की उतरवून घ्यायचं. काल त्या पोरीजवळ बसले होते. स्क्रीनवर दोन स्विच मांडले, कॉम्प्युटर मांडले, वायरी ओढल्या. वायरीवर नारंगी ठिपका आला. मी म्हटलं, बिघडलं गं. तर म्हणाली, ‘काकू, थांबा जरा.’ अर्ध्या मिनिटानं ठिपका हिरवा! तेवढ्या वेळात स्विच तपासून घेतो म्हणे, वायरींचा फेरा तर झाला नाही ना. मग तिनं पिंग मारला, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरला चारदा हाक दिली. पहिलीला जरा वेळ लागला, पण हाका पोचल्या. पहिल्या खेपेला समोरच्याचा पत्ता विचारण्यातच वेळ जातो म्हणाली. हे सगळं जुन्या लॅपटॉपवर, बरं का.

अक्का: भाचा म्हणायला, सबनेटिंग डोक्यात शिरंना. त्यापायी क्लास पायजे.

वहिनी: तुमच्या अंबाजोगाई रोडला शेत मोडून प्लॉट पाडतात ना, तसंच आहे ते. कॉम्प्युटरच्या २५६ पत्त्यांचं शेत. चार तुकडे पाडले की एकेकात ६४. त्यातला पहिला पत्ता त्या तुकड्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाळी द्यायचा. ते दोन कुणाला विकायचे नाहीत. राहिले ६२.

अक्का: आगं बाई, एवढंच? हे तर आमच्या दादाला तोंडपाठ हाय!

वहिनी: पण परीक्षेत हे झटपट जमायला पाहिजे. १२० मिनिटांचा पेपर, इंग्रजीतून. अन् एकदा ‘नेक्स्ट’ दाबलं की मागं येता येत नाही. तिथं सरावच कामाला येतो. लातूर पॅटर्न म्हणजे तरी काय होतं? शाहू कॉलेज, दयानंद कॉलेजची पोरं पेपरावर पेपर सोडवायची, चुका काढायची, पुन्हा सोडवायची. तेवढा पॅटर्न घरी आणा. त्याला फी लागत नाही.

अक्का: अन् त्याचा एक दोस्त म्हणतो, हजार रुपयांत खरे प्रश्नच मिळतात. डम्प का काय.

वहिनी: त्याच्या नादी लागू देऊ नका! सापडलं तर सिस्को निकाल रद्द करते, पुढं परीक्षेला बसायची बंदी घालते. अन् नाही सापडलं तरी मुलाखतीत साहेब केबल हातात देतो, तेव्हा डम्प काय सांगणार? आठ तारा असतात आत. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, मग निळी… हा क्रम बोटांना यायला पाहिजे. त्यापेक्षा गल्लीत इंटरनेटच्या वायरी ओढणाऱ्या पोराबरोबर चार दिवस फिरू द्या त्याला.

अक्का: दादा तर म्हणतो, हैदराबादला अमीरपेठला धाडतो. तिथं क्लास स्वस्त हायत. हितं नांदेडला यून देवगिरी एक्स्प्रेसमधी बसला की झालं.

वहिनी: क्लास स्वस्त असेल, पण खोलीभाडं अन् मेस कोण भरणार? हैदराबादला जायचं ते नोकरी धुंडाळायला. आधी त्याच्या कॉलेजात विचारायला सांगा, सिस्कोची अकॅडमी चालते का म्हणून. तिथले सीसीएनएचे तीन कोर्स चांगल्या मार्कांनी पुरे केले, तर परीक्षेच्या फीत सवलतीचं व्हाउचर मिळू शकतं. पाया कच्चा असेल तर एनपीटीईएल नावाच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचा नेटवर्कचा कोर्स आहे. बघायला फुकट, प्रमाणपत्र पाहिजे असेल तरच परीक्षेचे हजार रुपये.

अक्का: अन् एवढी मोठी परीक्षा झेपलीच न्हाई तर?

वहिनी: त्याच्या खालची एक पायरी आहे, सीसीएसटी. १२५ डॉलरची. पण खरं सांगू? नेटानं अभ्यास करणार असेल तर थेट सीसीएनएच द्यावी, दोनदा फी कशाला? अन् एक लक्षात ठेवा, प्रमाणपत्राची मुदत तीनच वर्षं. म्हणून नोकरी शोधायच्या बेतानंच परीक्षा द्यायची. पास होऊन घरी बसला तर मुदत तशीच सरते.

अक्का: क्लासवाला तर नोकरीची हमी देतोय की वो!

वहिनी: हमी लिहून मागा, अन् नोकरी लागल्यावर फी घेता का तेही विचारा. मग बघा काय म्हणतो ते.

अक्का: (खालचा नळ वाजतो) आलं बगा पाणी! जाते. दादाला आजच फोन लावून सांगते, सोयाबीन इकायची घाई नको, क्लासचा ॲडव्हान्स तर मुळीच नको. पोराला जुना लॅपटॉप घिऊन द्या, रोज दोन तास बसवा. अन् सराव पेपरात दर खेपेला चांगले मार्क पडल्याबिगर परीक्षेचे पैसे भरायचे न्हाईत म्हंजे न्हाईत!