वेगाचा दाखला

"सर, एकदा स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट शेअर करता का?"

हे वाक्य ज्यांच्या कानावर कधीच पडलं नाही, त्यांनी इथूनच राशिभविष्याकडे वळावं. बाकीच्यांसाठी खबर एवढीच की, अजूनही हेच विचारतात. गणपतीला गावी गेलेला, पडवीत खुर्ची टाकून बसलेला, मोबाइलच्या हॉटस्पॉटला कंपनीचा लॅपटॉप जोडलेला इसम कळवळून सांगतो की व्हीपीएन कनेक्ट होतं, पण आत काही उघडत नाही. पलीकडचा मधाळ आवाज त्याच्याकडे इंटरनेट किती जोरात धावतं याचा दाखला मागतो.

आता हा दाखला काढायचा आणि सादर करायचा कसा, ते बघा. व्हीपीएन चालू ठेवून चाचणीचं पान उघडत नाही. मूळ तक्रारच ती आहे. म्हणून व्हीपीएन बंद करायचं. बंद केलं की पान झटक्यात उघडतं, काटा सर्रकन फिरतो आणि मोठा थोरला आकडा दाखवून थांबतो. अशा चाचणीचा सर्व्हर पुष्कळदा त्याच मोबाइल कंपनीनं ठेवलेला असतो, तेव्हा मोजणी होते ती आपल्या पडवीपासून त्यांच्या ओसरीपर्यंतची. ज्या वाटेची तक्रार आहे, त्या वाटेवर काट्यानं पाऊलही टाकलेलं नसतं. असो. चित्र मिळालं. ते चढवायचं कुठे? तक्रारीच्या पोर्टलवर. पोर्टल उघडतं कधी? व्हीपीएन चालू असेल तेव्हा. मग करा चालू. हिरवं कुलूप येतं, खाली 'कनेक्टेड'. पोर्टलचं नाव वर टॅबवर उमटतं आणि खालचं पान पांढरंफटक राहतं. देवाची कृपा होऊन ते उघडलंच, तर चित्र जोडताना निळी पट्टी सुरुवातीलाच बसकण मारते. मेलनं पाठवावं, तर मेल आउटबॉक्समध्ये मुक्काम करतो. शेवटी लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का म्हणून विचारावं, तर "सॉरी सर, पर्सनल नंबरवर घ्यायला पॉलिसी अलाव करत नाही." संध्याकाळी एक स्वयंचलित मेल येतो: मागितलेली माहिती न मिळाल्यानं तिकीट बंद करण्यात येत आहे. हा मेल मात्र बिनबोभाट पोचतो, कारण तो लहान असतो.

सगळी मेख त्या लहानपणात आहे. इंटरनेटवरचा माल पाकिटांतून जातो आणि एका पाकिटाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे 1500 बाइट. व्हीपीएन काय करतं, तर आपलं पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घालतं. या वेष्टनाचे स्वतःचे पन्नास-साठ, कधी ऐंशी बाइट. घरच्या वायफायवर हे कसंबसं खपतं. मोबाइलच्या जाळ्यात पुष्कळ ठिकाणी आतला सगळा कारभार आयपीव्ही6 वर चालतो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या पाकिटाला वाटेत नवा अंगरखा चढवतात. जुन्या पद्धतीत पत्त्याची चिठ्ठी 20 बाइटांची, नव्यात 40. म्हणजे आणखी 20 बाइटांची भर. आता घाटाच्या तोंडाशी उंचीचा लोखंडी अडसर लावलेला असतो तो आठवा. टपावर गाद्यांची वळकटी, तिच्यावर सायकल, सायकलीवर टोपली असा ट्रक तिथं अडकणारच. नियम असा की अडसरापाशी उभ्या असलेल्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, 'बाबा रे, एवढी उंची चालणार नाही, इतकीच ठेव.' राउटरनं असा निरोप उलट धाडायचा आणि पाठवणाऱ्यानं पाकीट लहान करायचं, ही रीत 1990 सालापासून लेखी आहे. पण मध्येच कुठल्या तरी फायरवॉलवर बसलेल्या सुरक्षातज्ज्ञानं असले सगळे निरोप धोकादायक म्हणून सरसकट बंद करून ठेवलेले असतात. मग ट्रक अडसरापाशीच गायब होतो, मालकाला कळत नाही आणि मालक पुन्हा तसाच, तेवढाच उंच ट्रक पाठवतो. या दुखण्याला जाणकार 'ब्लॅक होल' म्हणतात आणि सप्टेंबर 2000 मध्ये ते लक्षणांसकट नोंदवून ठेवलेलं आहे. आज पंचवीस वर्षांनंतर आपण हेल्पडेस्कला फोन करतो आणि हेल्पडेस्क विचारतो: ट्रक ताशी किती किलोमीटर पळतो? त्याचा फोटो पाठवा.

अहो, उंची विचारा ना! वेग कसला विचारता?

या लहानमोठ्याच्या भानगडीतून कार्यालयीन जीवनात जी गंमत उभी राहते, तिची कल्पना जुन्या पिढीतल्या हेडक्लार्कलाही सुचली नसती. 'कुठवर आलं?' हा साहेबाचा निरोप इवलासा असतो. तो अडसराखालून अलगद निघून येतो. 'अर्जंट आहे' हाही येतो. 'एनी अपडेट?' तर दर दहा मिनिटांनी येतो. आपलं 'येस सर, पाठवतोय' हे उत्तरही जातं, कारण तेही चिमुकलं. अडकते ती फक्त एक्सेल शीट, म्हणजे प्रत्यक्ष काम. साहेबाच्या पडद्यावर दिसतं ते असं की माणूस ऑनलाइन आहे, गप्पा मारतो आहे, 'येस सर' म्हणतो आहे आणि काम तेवढं करत नाही. त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो, तो वार्षिक मूल्यमापनात उतरतो. मोदक खायला गेलेल्या माणसाच्या पगारवाढीचा फैसला पन्नास-साठ बाइटांनी होतो, आणि त्याच्या बचावासाठी त्याच्याकडे पुरावा म्हणून काय असतं, तर आपलं इंटरनेट उत्तम धावतं असं सांगणारं चित्र. म्हणजे फिर्यादीचाच साक्षीदार.

आणि आरतीला उठून परत आल्यावर व्हीपीएन मेलेलं का असतं, तेही ऐका. मोबाइल कंपनी हजारो गिऱ्हाइकांना मोजक्या बाहेरच्या पत्त्यांमागे बसवते. त्यांना आतून वाटायला 100.64 पासून सुरू होणारे सुमारे 42 लाख पत्ते 2012 साली वेगळे राखून ठेवले गेले. आतलं कोण बाहेर कुणाशी बोलतंय याची नोंद वहीत ठेवतात, पण थोडा वेळ कुणी बोललं नाही की ओळ खोडतात. आपण टाळ वाजवत असतो, इकडे ओळ खोडली जाते, आणि हिरवं कुलूप मात्र परत आल्यावरही तस्संच तेजस्वी असतं. यावर उपाय म्हणजे दर काही सेकंदांनी 'आहे मी, आहे मी' असं एक नखाएवढं पाकीट पाठवत राहणं. ती खूण व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये करायची असते. हेल्पडेस्कचा उपाय: "सर, दुसऱ्या लोकेशनला जाऊन ट्राय करा." कुठे जाऊ? देवघरात?

चिडायचं नाही असं ठरवून लिहायला घेतलं होतं. पण हिशेब मांडला की जमत नाही. फोन आमचा, डेटा पॅक आमचा, वीज आमची, गेली तर इन्व्हर्टर आमचा. लॅपटॉप तेवढा कंपनीचा, आणि त्यावर दुरुस्तीचा अधिकारही कंपनीचाच. दुरुस्ती केवढी? काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा 1472 च्या आकड्यानं द्यायची, जात नसेल तर आकडा उतरवत जायचं आणि कुठल्या मापाचं पाकीट पार होतं ते बघायचं. त्यावरून व्हीपीएनची मर्यादा घालायची. बहुतेकदा 1300 च्या आसपास भागतं. चहा निवेपर्यंत होणारं काम. पण ते करायला अ‍ॅडमिन राइट्स लागतात आणि ते शहाण्यासुरत्या, पोराबाळांच्या, वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला देत नाहीत. बरं, नका देऊ. तुमच्याच दारातल्या यंत्रावर, एकदाच, एक ओळ लिहा की आत येणाऱ्या प्रत्येकानं पाकीट जरा लहान ठेवावं. एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात त्याला, आणि ते त्या यंत्रावर बसणाऱ्याला माहीत असायलाच हवं, त्याचाच तो पगार घेतो. एका ओळीत गावोगावचे हॉटस्पॉटवाले सुटतील. पण ती ओळ लिहायची तर 'चेंज रिक्वेस्ट' लागते, तिला मंजुरी लागते, मंजुरीची बैठक आठवड्यातून एकदाच भरते, आणि सणासुदीला 'चेंज फ्रीझ' असतो. म्हणजे ज्या दिवसांत माणसं गावी असतात, नेमक्या त्याच दिवसांत!

नाही म्हणायला, या व्यवस्थेत एक जाणता असतो. तो तिसऱ्या पायरीवर बसतो, त्याच्यापर्यंत पोचायला पहिल्या दोन पायऱ्यांवर सगळे दाखले द्यावे लागतात, आणि तोवर विसर्जन होऊन गेलेलं असतं. तो कमी बोलतो. लॅपटॉपचा ताबा दुरून घेतो, काळी खिडकी उघडतो, एक आकडा टाकतो, "आता बघा" म्हणतो. एक्सेल शीट सुळकन जाते. मग मशीन एकदा बंद-चालू करायला सांगून तो पुढच्या तिकिटाकडे वळतो आणि हे तिकीट बंद करायचं काम पहिल्या पायरीकडे येतं. तिथे त्या आकड्याचा पत्ता नसतो, पण शेवटी काय झालं एवढं दिसतं. म्हणून कारणाच्या रकान्यात 'लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर प्रश्न सुटला' असं लिहून ते उत्तर नॉलेज बेसमध्ये कायमचं जमा होतं. त्याला अंगठेही भरपूर मिळालेले असतात.