वाचले ना?

मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरला लागतो आणि नेम चुकला तर सतार बनवणाऱ्याला. दवाखान्यांच्या या गावात औषधाचं दुकान टाकायचं म्हणजे पैसाच पैसा, असं कुणीही सांगेल. अण्णांनी एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून जनऔषधी केंद्र घेतलं. 'धंदा पण होईल, सेवा पण होईल,' म्हणाले. सेवा जोरात चालू आहे.

या दुकानातून नुसतं औषध घेऊन बाहेर पडता येत नाही. फार्मासिस्ट मॅडम चिठ्ठी वाचून, पट्ट्या काढून बिल करून मोकळ्या होतात. औषधांना हात लावायला अण्णांना त्यांनी सक्त मनाई केली आहे, त्यामुळे भाषणाचं खातं तेवढं अण्णांकडे. 'पहिलं केंद्र 2008 साली, अमृतसरला!' हे ते अशा थाटात सांगतात, की फीत कापायला हेच गेले होते असं वाटावं. मग टेल्मिसार्टनची पट्टी उजेडात धरून नाव वाचायला लावतात. 'कंटेंट तोच. वरचं गोंडस नाव गेलं, जाहिरात गेली, डॉक्टरांकडे बॅग घेऊन फिरणारा पोरगा गेला. बॅच मात्र लॅबमध्ये तपासल्याशिवाय येत नाही.' शेवटी बिल उलटं करून मागे पेनाने हिशेब मांडतात: बाहेर किती पडले असते, इथे किती पडले. वजाबाकी. खाली दोन रेघा. आणि चष्म्यावरून बघत, 'वाचले ना?'

नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. तोंडावर आनंद दिसावा लागतो. नाही दिसला तर अण्णा वजाबाकी पुन्हा करून दाखवतात.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. अण्णांना छापील किमतीवर वीस टक्के सुटतात. म्हणजे दहाच्या पट्टीमागे दोन रुपये. समोरच्या दुकानदाराचा टक्काही उन्नीस-बीस तेवढाच, पण तो शंभराच्या पट्टीवर. गिऱ्हाइकाचे जितके जास्त वाचतात तितके अण्णांना कमी मिळतात, आणि जन्मभर एसटीची खाती जुळवलेल्या माणसाला हे कळत नाही असं कोण म्हणेल? तरी त्यांच्या वहीत दोन रकाने आहेत, 'लोकांचे वाचले' आणि 'आपले आले'. पहिल्याची बेरीज रोज रात्री शटर ओढायच्या आधी होते. दुसऱ्याची काकूंनी विचारलं तर.

ब्रँडचं नाव लिहिलेली चिठ्ठी आली की मॅडम हात वर करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलून द्यायचं नाही, नियम आहे. अण्णा मग पेशंटला बाकावर बसवून तालीम देतात. 'भांडायचं नाही. आधी नमस्कार करायचा. मग हळूच म्हणायचं, सर, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?' गेलेले बरेचसे परत येत नाहीत. अण्णा संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत असतात.

सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळतं, याचा अण्णांना भलताच अभिमान. दारात कॉलेजची मुलगी दिसली की गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, 'सुविधा! एक रुपयाला एक!' मुलीला कुठे तोंड लपवू असं होतं. आता मुली दिसल्या की मॅडम अण्णांना चहा सांगायला पाठवतात. अण्णांचा चहा फार वाढला आहे.

एकदा म्हैसाळकडची एक आजी साखरेच्या गोळ्या न्यायला आली. किंमत ऐकून तिचा चेहराच पडला.

'एवढं सवस्त? गुण यील का वो ह्येनं?'

अण्णांनी अमृतसरपासून सुरुवात केली. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'व्हय, पर त्यातलंच जरा म्हागातलं द्या की.'

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत म्हणतात. मला विचाराल तर जेवले असतील. पण दुपारची झोप लागली नसेल.

आणि जो माणूस आपल्या हाताने पैसे मोजायला तयार आहे, त्याला अण्णा परत पाठवतात. परवा शेजारचे एक गृहस्थ कॅल्शियमच्या गोळ्या मागायला आले. चिठ्ठी नव्हती, 'जरा अशक्तपणा वाटतोय' एवढंच. अण्णा म्हणाले, 'अहो, कशाला गोळ्या? नाचणीची आंबील घ्या, सकाळी उन्हात फिरा. एक पैसा लागत नाही.' गृहस्थ खूश होऊन निघाले. अण्णांनी पेन काढलं, न घेतलेल्या गोळ्यांची किंमत 'लोकांचे वाचले'मध्ये लिहायला घेतली.

मॅडम कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाल्या, 'अण्णा, माझा पगार ह्याच गोळ्यांतून निघतो.'

अण्णा जागच्या जागी थबकले. मग दारात जाऊन त्या गृहस्थांना हाका मारल्या, 'अहो, या, या! घेऊन जा. पण एकच पट्टी हं!'