बॉनेटकाका

सकाळी ऑफिसच्या वेळेला पार्किंगमधून सेल्फचा आवाज आला आणि गाडी उचलली नाही, की काका निघतात. दुसऱ्या सेल्फला ते जिन्यात असतात आणि तिसऱ्याला गाडीपाशी. पेपर काखेत, पायात स्लिपर, चष्मा कपाळावर. त्यांना बोलवावं लागत नाही. परत पाठवणं मात्र आजवर कोणाला जमलेलं नाही.

‘‘काय, उचलत नाहीये?’’ हा पहिला प्रश्न. स्टिअरिंगवर बाई असेल तर दुसरा प्रश्न, ‘‘मिस्टर कुठायत?’’

‘‘गाडी माझी आहे, काका.’’

‘‘हो का? बरं बरं. बॉनेट उघड.’’

कोथरूडपासून घोडबंदर रोडपर्यंत, जिथे सोसायटीला पार्किंग आहे तिथे असे एक काका असतातच. बहुधा बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त. गाड्यांचं त्यांचं शिक्षण म्हणजे एकेकाळी बाळगलेली प्रीमियर पद्मिनी. ते शिक्षण कमी समजू नका. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी मालकाला अर्धा मेकॅनिक करूनच सोडायची. थंडीत चोक किती ओढायचा, प्लग काढून कशाने घासायचे, पॉइंटवर पॉलिश पेपर कसा फिरवायचा, हे सगळं घरातल्या शाळकरी पोरांनाही यायचं. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोल फ्युएल पंपातच उकळून तिचा श्वास कोंडायचा. मग मंडळी उतरायची, पंपावर ओला नॅपकिन टाकायची आणि तो थंड होईपर्यंत डब्यातल्या दशम्या संपवायची. काकांच्या आयुष्यातल्या बऱ्याच सहली अशा पंपाशेजारीच साजऱ्या झाल्या आहेत.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि काकांच्या मते सगळा बिघाड तिथून सुरू झाला, कारण ती बिघडेना. पुढे २००० सालच्या आसपास नव्या पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटरही गेला. आज काका मोठ्या उमेदीने बॉनेट उघडतात, तर समोर काळं प्लास्टिकचं झाकण. पॉइंट नाहीत, चोक नाही, घासायला प्लग दिसत नाहीत.

तरी ते बोलून जातातच, ‘‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार.’’

‘‘काका, याला कार्बोरेटर नसतो.’’

‘‘मग पेट्रोलचं माप कोण घेतं?’’

‘‘कॉम्प्युटर.’’

काका तिच्याकडे बघतात. पत्रिका न बघता कुणाचं लग्न ठरलं असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असाच झाला होता.

पण काकांना कान आहे, हे मान्य करायलाच हवं. ‘‘गप्प! सगळे गप्प! आता मार सेल्फ,’’ असं म्हणून ते डोळे मिटतात, तेव्हा वॉचमनसुद्धा खोकला दाबतो. टकटकटक असा घाईचा आवाज आला तर बॅटरी उतरलेली. एकदाच टक् करून सगळं शांत झालं तर स्टार्टर अडकलाय, नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. इंजिन जोमाने फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल नाहीतर ठिणगी पोचत नाही. आणि काहीच आवाज नाही, डॅशबोर्डवर दिवे मात्र झकास, तर आधी क्लच पूर्ण दाबून बघा, कारण बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फच घेत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे का ते पाहा. इतकं निदान मीटर न लावता करणारा माणूस इथे थांबला असता तर मी त्याला सोसायटीचा चेअरमन केलं असतं. काका थांबत नाहीत.

तोवर माणसं जमलेली असतात. एक धक्कावाले असतात. त्यांच्या मते कुठल्याही गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये घालून ढकललं की ती सुरू होते. गाडी ऑटोमॅटिक आहे आणि ती अशी सुरू होत नाही, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. एक उंदीरवाले असतात. त्यांच्या गाडीची वायर एकदा उंदराने खाल्ली, तेव्हापासून त्यांना प्रत्येक बॉनेटखाली उंदीर दिसतो, आणि इंजिनात तंबाखूची पुडी बांधली की उंदीर येत नाही, असं ते शपथेवर सांगतात. त्यांचा उंदीर पुडीसकट वायर खाऊन गेला होता, असं वॉचमन सांगतो.

मग जंपर केबलची वाट. ती काकांच्या माळ्यावर असते आणि काकूंनी ती नेमकी भंगारात दिलेली नसते. शेजारची गाडी नाकाला नाक लावून उभी करतात. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा? इथे उंदीरवाले हात पुढे करतात आणि काका तो हात धरतात. ‘‘बॅटरीला नाही! इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हायड्रोजन असतो तिथे. ठिणगी पडली तर डोळे जातील.’’ हे शंभर टक्के बरोबर आहे. त्यापुढे काका जी सांगलीच्या स्फोटाची हकीकत जोडतात, तिच्यातला बॅटरीचा आकार मात्र दर वर्षी वाढतो.

केबल निघते बारीक. गाडी नुसती कण्हते. अखेर तिने मघाशीच फोन करून बोलावलेला मदतीचा मुलगा स्कूटरवरून येतो, काही न बोलता मीटर लावतो. ‘‘अकरा पॉइंट दोन. बारा-सहाच्या आसपास हवी.’’

‘‘मी काय म्हणत होतो!’’ काका गर्जतात. ते म्हणत होते कार्बोरेटर, मग प्लग, मग पंप, मग फ्यूज, आणि मध्ये कुठेतरी बॅटरी. सगळ्याच अवयवांची नावं घेतल्यावर आजार जाणार कुठे?

मुलगा जाड केबल लावतो, गाडी एका सेल्फला सुरू होते. काकांचा चेहरा क्षणभर उतरतो. बॉनेट बंद होणार असतं. पण ते लगेच सावरतात आणि त्या मुलालाच सांगतात, ‘‘टर्मिनलवर पांढरं धरलंय बघ, गरम पाण्यात सोडा टाकून धुवायला सांग.’’ मुलगा ‘‘हो सर’’ म्हणतो. दिवसाकाठी असे किती सर त्याला भेटत असतील!

‘‘आता लगेच बंद करू नका मॅडम,’’ मुलगा म्हणतो, ‘‘जरा लांब फिरवून आणा. जागेवर उभी ठेवून फारशी चार्ज होत नाही. आणि बॅटरी तपासून घ्या.’’

‘‘ऐकलंस ना? लांब,’’ म्हणत काका पुढचं दार उघडून आत बसतात आणि बेल्ट लावतात. ‘‘असं कर, आधी मंडईत घे. मग बँकेत दोन मिनिटं. मी आत जाऊन येईन, तू इंजिन चालू ठेव.’’