पेपरला सोडायला कोण?

नाशकात लाल बावट्याच्या घरात जन्मलेल्या पोरानं सुट्टीत मामाच्या गावाला जायचा विचार करू नये. मामाही मोर्चातच असतो. घरात सतरंज्या ढीगभर, गादी एकच, आणि तीही बाहेरगावच्या कॉम्रेडसाठी. चहात साखर जास्त मागितली की बाबा साखर कारखानदारीवर सुरू होतात. लोकशाहीवर सगळ्यांचा विश्वास. टीव्हीवर काय लावायचं ते मात्र पॉलिटब्यूरो ठरवतो. म्हणजे आई.

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईला निघाला. वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी, सुमारे १८० किलोमीटर. ११ तारखेला सायनच्या सोमय्या मैदानावर टेकलेले सोललेले पाय रातोरात आझाद मैदानाकडे निघाले, कारण सकाळी मुंबईच्या पोरांचा दहावीचा पेपर. रस्ते अडायला नकोत. देशानं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं.

फक्त मोर्चात गेलेल्यांच्या घरी दहावीला कुणी असेल, तर त्याला पेपरला कोणी सोडलं हे कुणी विचारलं नाही. माझा अंदाज सांगतो : शेजारच्या काकांनी, आपल्या स्कूटरवरून. तेच काका, पहाटे शाखेत जाणारे.